परमुलखातील मध्यस्थ

एका देशाचा माणूस दुसऱ्या देशातल्या लहानशा गावी जाऊन राहतो. तेथे तो व्यापार करीत नाही, लष्करात चाकरी करीत नाही आणि धर्मप्रसारासाठीही गेलेला नसतो. दोन लोकांची एकमेकांशी ओळख करून द्यावी, एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानी नीट पडेल असे करावे, एवढ्यासाठीच त्याची नेमणूक असते. काही देशांत हा उद्योग आज रीतसर सरकारी नोकरी झाला आहे. जपानने १९८७ साली अशी एक योजना सुरू केली. तीत परदेशी तरुण-तरुणींना बोलावून बहुतेकांना शाळांतून भाषा शिकविण्याच्या कामी लावतात आणि थोड्यांना स्थानिक सरकारी कचेऱ्यांतून ‘आंतरराष्ट्रीय संबंधांचे समन्वयक’ म्हणून बसवितात. पाहुण्यांचे दुभाषेपण करावे, पत्रांची भाषांतरे करावी, गावकऱ्यांना आपल्या देशाच्या चालीरीती सांगाव्या आणि त्यांच्या आपण शिकाव्या, असे हे काम असते. हुद्दा नवा आहे आणि नावही भारदस्त आहे. काम मात्र फार जुने आहे, आणि आपल्या इतिहासाच्या पुस्तकांनी त्याची दखल जवळजवळ घेतलेली नाही, अशी आमची तक्रार आहे.

या तक्रारीचा विचार करण्यासाठी टोकियो-पॅरिसपर्यंत जाण्याचे कारण नाही. पुण्याहून विंझरपर्यंत गेले तरी पुरे. नसरापूरवरून पश्चिमेस वळलेला रस्ता मार्गासनीवरून विंझरला येतो आणि पुढे वेल्ह्याला जातो. एका बाजूस राजगड, समोर तोरणा आणि मध्ये भातखाचरांचे अरुंद पट्टे, असा हा मुलूख आहे. शिवकाळात याला कानद खोरे म्हणत आणि त्याची देशमुखी मरळांकडे होती. वेल्ह्यावरून केळदकडे आणि तेथून मढे घाटाने खाली महाडच्या मुलखात उतरता येते. म्हणजे आज ज्याला आपण आडवळणाचा कोपरा समजतो तो एके काळी राजधानीच्या दारातला रस्ता होता. राजधानी पुढे राजगडावरून रायगडावर गेली, तरी घाटाच्या वरची आणि खालची वस्ती एकाच राज्याची होती. परराज्याचे वकील, हेजीब, दुभाषी यांची ये-जा या डोंगराळ मुलखात नवी नव्हती. त्यांपैकी एकाची कागदोपत्री हकीकत चांगली शिल्लक आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करू.

१६७४ च्या उन्हाळ्यात मुंबईच्या इंग्रजांनी हेन्री ऑक्झिंडेन यास शिवाजी महाराजांकडे वकील म्हणून पाठविले, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. राज्याभिषेकाच्या वर्णनात त्याचे नाव येतेच. सिंहासनाच्या उजव्या हातास भाल्यावर बसविलेली सोन्याची मत्स्यमुखे, डाव्या हातास घोड्यांच्या शेपट्या, भाल्याच्या टोकाला सोन्याचा तराजू आणि राजद्वाराशी उभे असलेले दोन लहान हत्ती, हे सारे त्यानेच टिपून ठेवले. एवढे हत्ती त्या कड्यावर चढविले तरी कसे, असा प्रश्न त्याला पडला होता. आमची जिज्ञासा मात्र ऑक्झिंडेनच्या पाठीमागे उभ्या असलेल्या माणसाकडे जाते. त्याचे नाव नारायण शेणवी. इंग्रजांच्या पदरी असलेला हा दुभाषी. ऑक्झिंडेन मुंबईहून निघाला तो मे महिन्यात. नारायण शेणवी त्याच्या बराच आधी रायगडाच्या पायथ्याशी पाचाडास येऊन राहिला होता.

का राहिला होता? कारण रदबदली दरबाराच्या एका दिवसात होत नसते. मार्चमध्ये काशीबाई राणीसाहेब वारल्या होत्या आणि राजे दुखवट्यात होते. मुंबईच्या गोऱ्या साहेबांना सुतक म्हणजे काय आणि ते किती दिवसांचे, हे कोणी सांगावे? नारायण शेणव्याला ते सांगावे लागत नव्हते. तो थांबला. निराजीपंतांशी त्याने संधान बांधले, कोणत्या कामाला कोणाचा शब्द लागतो याचा अंदाज घेतला आणि एप्रिलमध्ये मुंबईस पत्र लिहून सर्व हाल कळविला. मागाहून ऑक्झिंडेन पाचाडास पोहोचला तेव्हा महाराज प्रतापगडास भवानीच्या दर्शनास गेलेले होते, म्हणून त्यालाही थांबावे लागले. मात्र हे थांबणे कशासाठी आहे, हे समजावून सांगणारा माणूस आता त्याच्याजवळ होता.

भांडणाचे मूळ १६६१ सालचे होते. राजापुरावर मराठ्यांचा छापा पडला तेव्हा तेथील इंग्रजांची वखारही त्यात सापडली आणि तिच्यातले इंग्रज कैदेत पडले. पन्हाळ्याच्या वेढ्यात त्यांनी शत्रूला तोफांची मदत केली होती, ही मराठ्यांची बाजू. आमचा माल लुटला, ही इंग्रजांची बाजू. दोन्हीही आपापल्या जागी खरे. तेरा वर्षे हा वाद चिघळत राहिला होता. तो १६७४ च्या जून महिन्यात कागदावर तरी मिटला आणि राजापूरच्या नुकसानीबद्दल दहा हजार होनांची भरपाई ठरली. इंग्रजांची नाणी राज्यात चालावी आणि किनाऱ्यास लागलेली फुटकी जहाजे त्यांची त्यांना परत मिळावी, या कलमांवर बरीच घासाघीस झाली. एवढे सगळे होण्यापूर्वी कोणी किती वेळ कोणाच्या ओसरीवर बसून काढला, हे तहाच्या कलमांत लिहिलेले नसते.

राज्याभिषेकाच्या दिवशी, ६ जूनला, दरबारात ऑक्झिंडेन दूर उभा राहून मुजरा करीत होता. नजराण्याची हिऱ्याची अंगठी नारायण शेणव्याने हात वर करून दाखविली. महाराजांचे लक्ष गेले, त्यांनी दोघांनाही सिंहासनाच्या पायरीशी बोलावले आणि वस्त्रे देऊन निरोप दिला. वकील दूर उभा आहे आणि दुभाष्याचा हात वर आहे, या एका क्षणात मध्यस्थाच्या साऱ्या धंद्याचे चित्र येऊन जाते. तो स्वतः काही देत नाही आणि घेतही नाही. दिलेले दिसेल असे करणे, एवढेच त्याचे काम.

याच मुक्कामातली एक लहानशी गंमत जाता जाता सांगावीशी वाटते. इंग्रज पाहुण्यांच्या मुदपाकखान्यासाठी शेळ्यांचे मांस पुरविण्याची व्यवस्था केलेली होती. एके दिवशी तो म्हातारा खाटीक स्वतः गड चढून वर आला. कशाला, तर आपण इतक्या वर्षांत विकले नसेल इतके मांस एका महिन्यात खाणारी ही माणसे दिसतात तरी कशी, ते पाहायला! तहाची सारी कलमे वाचून दोन समाजांतले जे अंतर कळत नाही, ते या खाटकाच्या गड चढण्यात कळते. शिवाय कुतूहल एकाच बाजूला होते असे नाही, हेही त्यावरून दिसते. ऑक्झिंडेन हत्तींकडे पाहत होता आणि खाटीक ऑक्झिंडेनकडे.

पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने १९३१ साली शिवकालीन इंग्रजी पत्रे छापून काढली, म्हणून हे सारे आज आपल्याला वाचता येते. पण नारायण शेणव्याच्या बाबतीत एक गोष्ट विसरता कामा नये. तो कंपनीच्या पगारावर होता. पाचाड त्याला परराज्य असले तरी परकी भाषा नव्हते. ज्यांच्यात जाऊन तो राहिला त्यांची बोली आणि त्यांचे सोवळे-सुतक त्याला घरचेच होते. त्याने दोन्ही बाजूंना चांगली मदत केली असेल. आमचा त्यावर विश्वासही आहे. तरी त्याचे अहवाल मुंबईलाच जात, पाचाडास त्यांतले काही राहत नसे. मध्यस्थ कोणासाठी काम करतो आणि त्याच्या कामातले गावात काय उरते, हा प्रश्न येथून पुढे आम्हांस सोडीत नाही.

यानंतरची अडीचशे वर्षे या मावळपट्ट्यात बाहेरचा माणूस आला तो बहुधा कागद घेऊन आला. पेशवाई गेल्यावर मोजणीदार आले, मग जंगल खात्याचे लोक आले. शेजारच्या मुळशीत टाटांच्या धरणासाठी जमिनी जाऊ लागल्या तेव्हा १९२१ साली सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या पुढारीपणाखाली सत्याग्रह उभा राहिला, हे आपल्या पिढ्यांनी अभिमानाने सांगितले आहे. धरण व्हायचे ते झालेच, हे तितक्या मोठ्याने सांगितलेले नाही. वेल्हे तालुक्यातल्या पानशेतच्या धरणाने १९६१ च्या १२ जुलैला पुण्याची दैना केली. पुणेकरांना तो दिवस पुराचा म्हणून आठवतो. पानशेतच्या खोऱ्यातल्या माणसाला धरण म्हणजे त्याआधीच पाण्याखाली गेलेले शिवार आठवते. भोर संस्थान १९४८ साली विलीन झाले, तालुके बदलले, कचेऱ्या बदलल्या. डोंगरातल्या माणसाला मात्र अनुभव एकच आला. पांढरपेशा माणूस वही काढून विचारू लागला, की आपले काही तरी जाणार. अशा मुलखात कोणी परदेशी माणूस ‘तुमची माहिती द्या’ म्हणून आला असता, तर त्याला पाणी मिळाले असते. माहिती मिळाली नसती.

या पार्श्वभूमीवर गी पॉइटवाँ यांची हकीकत वाचली म्हणजे आश्चर्य वाटते. हे फ्रान्सचे. जन्म १९३४ सालचा. समाजशास्त्राचे अभ्यासक. १९७२ च्या सुमारास ते पुण्यास आले आणि येथेच राहिले. मराठी शिकले, पुढे भारताचे नागरिकत्व घेतले आणि २००४ साली वारले. हेमा रायरकर या त्यांच्या सहकारी. या दोघांनी मिळून पुण्यात ‘सेंटर फॉर को-ऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस’ ही संस्था उभी केली. पण त्यांचे खरे काम पुण्यात झाले नाही. ते पुणे जिल्ह्याच्या डोंगरी गावांत, ‘गरीब डोंगरी संघटना’ या नावाने एकत्र आलेल्या लोकांमध्ये झाले. नाव लक्षात घेण्याजोगे आहे. त्यात ना संस्कृती आहे, ना देवाणघेवाण. गरीब आहोत, डोंगरात राहतो, संघटित होतो, एवढेच ते सांगते.

‘सांस्कृतिक देवाणघेवाण’ हा शब्द आला म्हणजे आमच्या डोळ्यांसमोर एक व्यासपीठ येते. त्यावर फुलांचे गुच्छ असतात, पाहुण्यांच्या खांद्यावर शाल असते आणि मुलींचे नृत्य चालू असते. वाईट काही नाही. परंतु अशा प्रसंगी दिले काय आणि घेतले काय, हे दोन्ही पक्षांना दुसऱ्या दिवशी सांगता येत नाही. डोंगरातल्या बायकांनी पॉइटवाँ-रायरकरांना काय दिले, हे मात्र अगदी मोजून सांगता येते. त्यांनी जात्यावरच्या ओव्या दिल्या.

येथे जरा थांबले पाहिजे, कारण आजच्या तरुण वाचकांपैकी अनेकांनी जाते चालताना पाहिलेले नसेल. दगडाच्या दोन तळ्या, वरच्या तळीला लाकडी खुंटा आणि मध्ये दाणे सोडण्याचे तोंड. कोंबडा आरवण्याच्या सुमारास बाई उठते, जात्यापुढे एक पाय पसरून बसते, एका हाताने खुंटा फिरविते आणि दुसऱ्या हाताने मूठमूठ दाणे घालीत जाते. दळण जड असेल तर समोर जाऊ, नणंद नाही तर शेजारीण येऊन बसते आणि खुंट्यावर दोन हात पडतात. मावळात दळायचे ते मुख्यतः नाचणी, वरई, तांदूळ. ज्वारी-बाजरी देशावरची. तळीचे दात बोथट झाले की पाथरवटाकडून टाकी लावून घ्यायची. घरात सगळे निजलेले असतात. पुरुष तर पुष्कळदा गावातच नसतात. मुंबईला हमालीला, गिरणीत नाही तर दुसऱ्या कोणत्या चाकरीला गेलेले असतात. दिवसभर सासूच्या, नवऱ्याच्या, पाटलाच्या पुढे जी बाई तोंड उघडू शकत नाही, ती या तासा-दोन तासांत दगडाला ऐकविते. एकटीने बोलली तर लोक वेडी म्हणतील. गायली तर कोणी काही म्हणत नाही.

ओवी दोन ओळींची असते. गाताना शब्द पुन्हा पुन्हा येतात, मध्येच ‘बाई’, ‘गं’ अशी भर पडते आणि चालीला बायका ‘गळा’ म्हणतात. एकीचा गळा दुसरीने उचलायचा. विषय म्हणाल तर भाऊ, माहेर, लेकाचे कौतुक, लेकीच्या जन्माची भीती, पंढरीची वाट, आणि फार मोठ्या प्रमाणावर सीता. ही सीता पोथीतली नव्हे. हिचा वनवास म्हणजे सासुरवास, आणि तिला रानात धाडणाऱ्या रामाला या बायका हात जोडतात तशाच जाबही विचारतात. दलित वस्तीतल्या बायकांच्या ओव्यांत बाबासाहेब आंबेडकर येतात, ते घरच्या वडीलधाऱ्या माणसासारखे. धर्मग्रंथावर टीका लिहिणाऱ्या पंडिताला जे लिहिताना दहा आधार द्यावे लागतात, ते ही बाई दोन ओळींत सांगून पुढचे दाणे घालते.

ओव्या गोळा करणारे हे पहिले होते असे आम्ही म्हणणार नाही, आणि तसे म्हणणे अन्यायाचे होईल. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’चे दोन भाग १९४० च्या सुमारास काढले. कमलाबाई देशपांडे यांनी ‘अपौरुषेय वाङ्मय’ या नावाने स्त्रीगीतांचा विचार केला, आणि हे नावच एक प्रबंध आहे. डॉ. सरोजिनी बाबर यांच्या पुढारीपणाखाली राज्याच्या लोकसाहित्य समितीने खंडच्या खंड प्रसिद्ध केले. आपण सारे या मंडळींचे ऋणी आहोत. तथापि या जुन्या संग्रहांपैकी अनेकांत ओवी सापडते आणि बाई सापडत नाही. ओवी ‘महाराष्ट्राची’ होते, ‘लोकांची’ होते. ती कोणत्या गावच्या कोणत्या बाईने कोणत्या दिवशी गायली, हे नाहीसे होते. आपला हेतू चांगला असतो. लोकवाङ्मय सर्वांचे, अशी आपली समजूत असते. पण जिचे नाव सात-बाराच्या उताऱ्यावर नाही आणि घराच्या दारावर नाही, तिचे नाव तिच्या ओवीवरूनही जावे, ही गोष्ट आम्हांस बरी वाटत नाही.

पॉइटवाँ आणि रायरकर यांनी येथे वेगळी रीत घातली. सुमारे वीस वर्षे हे काम चालले. ओवीबरोबर गाणारीचे नाव, तिचे गाव, ही नोंद राहू लागली. गोळा करणाऱ्यांत संघटनेतल्या डोंगरी बायकाच होत्या. मुळशीतल्या नांदगाव, कोळवडे, लवार्डे अशा गावांतल्या बायका स्वतः गात आणि मग दुसऱ्या गावी जाऊन तेथल्या बायकांना गायला लावीत. येथे मध्यस्थाचा धंदाच पालटतो, हे ध्यानात घ्यावे. परदेशी पाहुणा दाराशी उभा राहून विचारीत नाही. ज्या बाईने काल आपली ओवी दिली, तीच आज शेजारच्या खोऱ्यात वही घेऊन जाते. ओवीचा अर्थही पुण्यातल्या खोलीत बसून लावायचा नाही. बायका जमायच्या, ओवी म्हणायची, आणि हे असे का म्हटले आहे यावर बोलायचे. गाणारीलाच भाष्यकार केले, असे म्हटले तरी चालेल. वहीविषयी या मुलखात जो धाक होता तो कशाने गेला, याचे उत्तर आमच्या मते यातच आहे. वही आता त्यांच्या हातात होती.

आकडे सांगितल्याखेरीज या कामाचा आवाका कळणार नाही. १,१०,००० हून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. गाणाऱ्या ३,३०२, आणि महाराष्ट्रातली गावे १,१०७. म्हणजे दर गाणारीमागे सरासरी तेहतीस ओव्या येतात. सरासरी ही फसवी असते. कोणी दोन ओव्या सांगून लाजून उठली असेल, तर परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगुबाई अंबोरे यांच्यासारखीचा आवाज एकदा ऐकला तर विसरत नाही. १९९३ ते १९९८ या काळात युनेस्को, नेदरलँड्सचे सरकार आणि स्वित्झर्लंडमधील एक प्रतिष्ठान यांच्याकडून पैसा मिळाला. नव्वदीच्या दशकात बर्नार्ड बेल हे दुसरे फ्रेंच गृहस्थ येऊन मिळाले. संगीत आणि संगणक या दोन्ही विद्यांत त्यांचा हात चालत असे. १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झाले आणि ओव्यांची वर्गवारी करून त्या संगणकात घातल्या गेल्या.

हे झाले घेणे. आता देणे पाहू. पॉइटवाँ यांनी दया पवारांचे ‘बलुतं’ फ्रेंचमध्ये नेले. ते १९९० साली पॅरिसला प्रसिद्ध झाले. पाठोपाठ १९९१ साली बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ गेले. डोंगरी बायकांच्या स्वतःच्या निवेदनांवर आधारलेले दोघांचे पुस्तक १९८५ साली फ्रेंचमध्ये निघाले होते, आणि १९९३ साली ते इंग्रजीत आले. मराठीतून परदेशी भाषांत काय जाते, याचा विचार आपण करतो तेव्हा आपल्या मनात ज्ञानेश्वरी असते, तुकोबांचे अभंग असतात, आणि ते योग्यच आहे. परंतु फलटणकडच्या एका दलित बाईची आत्मकथा फ्रेंच वाचकाने वाचावी आणि तिच्यातल्या उपासमारीचा त्याला विषाद वाटावा, हीही मराठीची जगाशी झालेली ओळखच आहे. काही मंडळींना ती अप्रिय वाटली. आपल्या घरातला केर पाहुण्याला कशाला दाखवायचा, असा त्यांचा आक्षेप. आमचे उत्तर असे की पाहुणा वीस-तीस वर्षे घरात राहिला म्हणजे पाहुणा राहत नाही, आणि केर कोणता व धान्य कोणते हे ठरविण्याचा अधिकार दळणारीचा आहे.

भाषांतराचे काम कसे अवघड असेल, याची कल्पना एका शब्दावरून येईल. ‘माहेर’ या शब्दाला फ्रेंचमध्ये एक शब्द नाही, इंग्रजीतही नाही. ‘आईबापांचे घर’ म्हटले तर अर्थ येतो, पण माहेर येत नाही. कारण मुलगा ज्या घरात राहतो तेही आईबापांचेच घर, आणि मुलाला माहेर नसते. सासुरवास, मुराळी, दिवाळीचे बोलावणे हे सारे एका शब्दाच्या पोटात आहे. ज्याने मराठी पुस्तकातून शिकली तो येथे टीप देईल. ज्याने ती डोंगरातल्या घरांत बसून शिकली त्यालाही टीप द्यावी लागेलच, पण ती कोठे द्यायची हे त्याला कळेल. नारायण शेणव्याला सुतकाचे दिवस ठाऊक असणे आणि पॉइटवाँ यांना माहेर ठाऊक असणे, यांत एवढाच फरक की पहिल्याला ते जन्मामुळे मिळाले आणि दुसऱ्याने ते पत्करले.

आता जी गोष्ट आम्हांस खुपते ती सांगितली पाहिजे. या ध्वनिमुद्रणांची प्रत हरियाणातील गुडगाव येथे एका अमेरिकन अभ्याससंस्थेच्या संगीतविषयक संग्रहालयात ठेवली गेली, आणि पुढे सारी सामग्री फ्रान्समधील एक्स-आं-प्रोव्हान्स येथील भांडारात गेली. मुळशी-मावळच्या बायकांचा पहाटेचा गळा भूमध्य समुद्राजवळच्या गावी सुखरूप आहे. तो तेथे सुखरूप आहे, याचे समाधान मानावे की तो येथे नाही याची लाज वाटावी? पैसा बाहेरचा, यंत्रे बाहेरची, विद्वान बाहेरचे. आपल्याकडे विद्यापीठे नव्हती का? होती. पाच-पंचवीस मैलांवर पुणे होते, आणि पुण्यात विद्वानांचा दुष्काळ कधीच पडलेला नाही. पण विंझरच्या रस्त्याने आपण जात होतो ते राजगड-तोरणा चढण्यासाठी. पायथ्याच्या घरात ताक पिऊन, शिवकाळातल्या दगडांची मापे घेऊन परतत होतो. त्या घरात जाते होते. त्याच्याही दगडावर काही कोरलेले आहे, हे आपल्या ध्यानात आले नाही. गडाचा इतिहास लिहिणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही, ते काम व्हायलाच हवे होते. मात्र ऑक्झिंडेनने हत्ती पाहिले तसे आपण बुरूज पाहिले, एवढे कबूल करायला हरकत नसावी.

परदेशी पैशाने केलेले काम म्हणून त्याला नाके मुरडणारेही आहेत. त्यांना आम्ही एकच विचारू. कंपनीच्या पैशाने नारायण शेणव्याने लिहिलेली पत्रे आपण शिवचरित्राची साधने म्हणून छापली, आणि ते अगदी उचित केले. मग येथे पैशाचे गोत्र कशाला विचारायचे? विचारायचेच असेल तर हे विचारावे की काम झाल्यावर गावात काय उरले. शेणव्याच्या कामातले पाचाडास काही उरले नाही. या कामातले थोडेसे तरी परत आले. २०१७ पासून ‘पारी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहाने या ओव्या मूळ मराठीत, भाषांतरासह आणि आवाजासह, गाणारीच्या नावगावानिशी सर्वांना विनामूल्य खुल्या केल्या. भाषांतरे, वर्गवारी, नोंदी यांची उस्तवार करणाऱ्यांत पॉइटवाँ-रायरकरांबरोबर पूर्वी काम केलेली मंडळीही होती. ते दोघे मात्र हे पाहायला राहिले नव्हते.

दरम्यान खेडोपाडी पिठाच्या गिरण्या आल्या. आधी डिझेलवर चालणाऱ्या, मग विजेवर. बाईचा पहाटेचा दीड-दोन तासांचा कष्ट वाचला आणि तो वाचला हे उत्तमच झाले. जाते गेले म्हणून गळा काढणाऱ्या शहरी रसिकाने एक पायली नाचणी दळून पाहावी. गिरणीत रांगेत उभे राहून ओवी सुचत नाही, एवढे खरे. ‘पारी’ची मंडळी मुळशीतल्या त्या गावी परत गेली तेव्हा पूर्वी गायलेल्या बायकांपैकी काही भेटल्या. जाती घरात होती. लग्नाच्या आधी हळद दळायला ती अजून लागतात. ती पुढे ओढली, दोघी समोरासमोर बसल्या, मूठभर धान्य घातले आणि खुंटा फिरू लागला तशी ओवी आली. दगड फिरल्याशिवाय ती नीटशी आठवतही नाही, असे त्यांच्यापैकी काहींचे म्हणणे होते. मग जुन्या नोंदींतली आपली नावे आणि आपल्याच ओव्या त्यांना वाचून दाखविण्यात आल्या, आणि त्यावर बायकांनी आणखी नव्या सांगितल्या.